आई-बाबांना घेऊन झिरोला: तंबूतल्या चार दिवसांची तयारी

अरुणाचलमधल्या झिरो संगीत महोत्सवाच्या मैदानावर दोन रंगमंच असतात. एकाचं नाव दान्यी, दुसऱ्याचं पिलो. तिथल्या आपातानी लोकांच्या भाषेत दान्यी म्हणजे सूर्य आणि पिलो म्हणजे चंद्र. दुपारभर दान्यीवर गाणी चालतात, अंधार पडला की सगळे पिलोसमोर जमतात. आई-बाबांना आणि मैत्रिणीला घेऊन मी गेले तेव्हा या दोन नावांनीच आमचं वेळापत्रक ठरवून टाकलं. सूर्य चौघांचा, चंद्र आम्हा दोघींचा. पुढे जे काही लिहिलं आहे ते या एका वाटणीभोवती फिरतं, कारण ती जमली की बाकीच्या अडचणी सुटण्यासारख्या असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अरुणाचल प्रदेशातल्या लोअर सुबनसिरी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण म्हणजे झिरो. हे आपातानी लोकांचं खोरं. साधारण पंधराशे मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडं उंच, चहूकडे पाइनचे डोंगर आणि मध्ये सपाट भातशेती. बॉबी हानो आणि अनुप कुट्टी यांनी २०१२ साली इथे संगीत महोत्सव सुरू केला. सप्टेंबरच्या अखेरीस चार दिवस तो चालतो. रंगमंच स्थानिक लोक बांबूपासून उभारतात, प्रेक्षक गवतावर बसतात आणि बरेचजण शेजारीच तंबूत राहतात. ईशान्येतले लोकगायक, रॉक बँड, देशोदेशीचे वादक असं सगळं एका माळावर ऐकायला मिळतं.

साठीच्या पुढच्या आई-बाबांना इथे न्यावं का? न्यावं. सवाई गंधर्वला थंडीत सतरंजीवर रात्र-रात्र बसलेली ही पिढी आहे. ऐकायचं कसं हे त्यांना शिकवावं लागत नाही. शिकायचं असतं ते आपल्याला: त्यांच्या गुडघ्यांचा, झोपेचा, औषधांचा आणि चहाचा हिशेब ठेवून चार दिवस कसे आखायचे, ते.

पहिलं काम: घरात बसून स्पष्ट बोलणं (तीन महिने आधी)

तिकिटं काढण्याआधी चौघं एकत्र बसा. मैत्रिणीला घरी जेवायला बोलवा आणि जेवण झाल्यावर हे विषय काढा. फोनवर किंवा ग्रुपवर हे नीट होत नाही.

पहिला विषय दारूचा. महोत्सवात लोक पितात. गावात पाहुण्यापुढे तांदळाची घरगुती बिअर आपुलकीने ठेवली जाते. आई-बाबांना हे तिथे जाऊन कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. मैत्रीण पिणार असेल तर तिनेच काका-काकूंना साधेपणाने सांगावं. आमच्याकडे ते वाक्य उच्चारायला तिला दहा मिनिटं लागली आणि पुढचे चार दिवस कुणालाही काही लपवावं लागलं नाही.

दुसरा विषय पैशांचा. आपले आई-बाबा मुलीच्या मैत्रिणीला पाकीट काढू देत नाहीत. एकदा ठीक, पण चार दिवस तेच झालं तर मैत्रीण अवघडते आणि मग काही मागायलाही संकोचते. महोत्सवाचं तिकीट, विमान आणि राहणं ज्याचं त्याने भरायचं. गाडी आणि जेवणाचा खर्च एका सामाईक पाकिटातून करायचा. ते पाकीट मैत्रिणीकडे द्या. बाबांकडे दिलंत तर त्याचा हिशेब कधीच होणार नाही.

तिसरा विषय सगळ्यात नाजूक: मैत्रीण ही मदतनीस म्हणून येत नाहीये. काकूंची पिशवी उचलणं, काकांना शौचालयापर्यंत सोडणं ही कामं ती आनंदाने करेल. पण ती तिची जबाबदारी नाही. आई-बाबांची जबाबदारी माझी, हे मी तिला आई-बाबांसमोरच सांगितलं होतं. त्यामुळे तिने जे केलं ते तिच्या मनाने केलं.

आणि चौथा: रात्री कोण किती वाजता झोपणार. आई-बाबांनी "आम्ही पण थांबू की तुमच्याबरोबर" असं म्हटलं तर पहिल्या रात्री थांबू द्या. दुसऱ्या दिवशी ते आपणहून ठरवतात.

रंगीत तालीम

जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात, दोन रात्री तंबूत काढून बघा. पवना धरणाच्या काठी किंवा भंडारदऱ्याला तंबू भाड्याने मिळतात. मला स्वतःला पावसातली तालीम फार महत्त्वाची वाटते, कारण झिरोलाही सप्टेंबरअखेर पाऊस पूर्ण गेलेला नसतो. कोरड्या हिवाळ्यात केलेली तालीम काहीच शिकवत नाही.

या दोन रात्रींत चार गोष्टी पारखायच्या. जमिनीवरून उठताना गुडघे किती साथ देतात. रात्री किती वेळा उठावं लागतं. स्लीपिंग बॅगमध्ये झोप लागते की गुदमरल्यासारखं होतं. आणि ओले कपडे, चिखल, उकिडवं बसायचं शौचालय या सगळ्यात दुसऱ्या सकाळी चेहरा कसा आहे. माझ्या आईने तालमीतच सांगून टाकलं की तिला चार रात्री तंबू नको, दोन चालतील. ही माहिती पुण्यात मिळाली म्हणून बरं झालं.

नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, हृदयाचा त्रास ताजा असेल किंवा तोल जाण्याची तक्रार असेल तर हे वर्ष सोडा. डॉक्टरांना विचारताना "अरुणाचलला फिरायला जातोय" एवढंच सांगू नका. डोंगरातला चार-पाच तासांचा वळणांचा रस्ता, चिखलातलं चालणं आणि मोठं रुग्णालय लांब, हे तीन मुद्दे सांगून मगच विचारा. मलेरियापासून बचावासाठी काय करायचं हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

परवाना

अरुणाचलमध्ये प्रवेश करायला बाहेरच्या प्रत्येक भारतीयाला इनर लाइन परमिट लागतं. १८७३च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनपासून चालत आलेली ही पद्धत आहे. अर्ज राज्य सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. फोटो आणि ओळखपत्र जोडावं लागतं. चौघांचे चार वेगळे परवाने लागतात.

आपल्याकडच्या नावांचा इथे एक खास घोळ होतो. आधारवर आईच्या नावात मधे बाबांचं नाव, पॅनवर ते नाही, विमानाच्या तिकिटावर आडनाव आधी, आणि जुन्या मतदार ओळखपत्रावर भलतंच स्पेलिंग. परवाना, तिकीट आणि खिशातलं ओळखपत्र या तिन्हींवर एकच नाव, एकाच क्रमाने असू द्या. ज्या ओळखपत्रावर परवाना काढला तेच अस्सल बरोबर न्या. परवान्याच्या प्रत्येकी दोन छापील प्रती काढा. हद्दीवरच्या नाक्यावर फोन चार्ज नसणं किंवा नेटवर्क नसणं ही सबब चालत नाही. आणि परवान्यात परतीची तारीख दोन दिवस पुढची टाका. दरड कोसळून रस्ता बंद पडला तर तेवढी सोय असते.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी वेगळी सूचना. आई-बाबा भारतीय पासपोर्टवर असतील आणि तुम्ही परदेशी पासपोर्टवर, तर तुम्हाला इनर लाइन परमिट चालत नाही, प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं. ओसीआय कार्ड असलं तरीही लागतं. त्याची सुरुवात फार आधी करा आणि नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फत करा.

पोचायचं कसं

मुंबईहून गुवाहाटीपर्यंत थेट विमान आहे. तिथून पुढे दोन वाटा. पहिली, गुवाहाटीहून रात्रीची दोनी पोलो एक्सप्रेस. ती पहाटे नाहरलगुनला पोचवते आणि तिथून गाडीने झिरो. दुसरी, इटानगरजवळच्या होलोंगीचं दोनी पोलो विमानतळ. ते नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. विमानं कमी, पण पाय आखडत नाहीत.

आई-बाबा बरोबर असतील तर मी रेल्वेचीच वाट सुचवते. रात्रभर आडवं पडायला मिळतं आणि पहाटे नाहरलगुनला उतरल्यावर अख्खा दिवस हाताशी असतो. फक्त दोन्ही खालचे बर्थ आधी मिळवा. ज्येष्ठांसाठीचा राखीव कोटा भरताना वय नीट टाका, आणि आई-बाबांचं तिकीट आपल्यापासून वेगळं काढलं तर खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते.

नाहरलगुनहून झिरोला सामायिक सुमो जातात. दहा माणसं, मागच्या आडव्या बाकावर पाय दुमडून, शंभर किलोमीटरच्या आसपास डोंगरातला रस्ता. तरुणपणी यात मजा आहे. आई-बाबांसाठी पूर्ण गाडी ठरवा. या सगळ्या प्रवासात जास्तीचे पैसे एकाच ठिकाणी खर्च करायचे असतील तर ते इथे करा. गाडीवाल्याशी आधीच ठरवा की दर तासाला दहा मिनिटं थांबायचं. मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यायची असते, वळणं सुरू झाल्यावर नव्हे. बाबांना पुढची सीट द्या. आईच्या हाताशी आवळा सुपारी आणि रिकामी पिशवी असू द्या.

महोत्सव सुरू व्हायच्या दिवशीच पोचू नका. एक दिवस आधी पोचा, आणि त्या दिवशी चहा, आंघोळ आणि झोप याखेरीज काहीही करू नका.

तंबू की घर? दोन्ही

सगळ्यांनी चारही रात्री तंबूत राहायचं हा हट्ट सोडा. मी सुचवते ती वाटणी अशी: पहिली आणि शेवटची रात्र चौघं गावातल्या होमस्टेमध्ये, मधल्या रात्री तंबूत. आई-बाबांना तंबूची एकच रात्र झेपणार असेल तर त्यांची होमस्टेची खोली सगळे दिवस हातात ठेवा आणि तंबूत तुम्ही दोघी राहा. महोत्सवाच्या दिवसांत खोल्या फार लवकर संपतात, म्हणून तारखा जाहीर झाल्या की आधी खोली, मग तिकीट. हाँग, हारी, हिजा, बुल्ला ही आपातानी गावं खोऱ्यातच आहेत, आणि बाजार, बँका, रुग्णालय हापोलीत.

होमस्टे ठरवताना तीन प्रश्न विचारा. कमोड आहे का? गरम पाणी बादलीने मिळेल का? खोली तळमजल्यावर आहे का? आपातानींची पारंपरिक घरं लाकडी खांबांवर उचललेली असतात आणि वर चढायला शिडीसारख्या पायऱ्या असतात. आईने त्या पायऱ्या चढताना माझा हात घट्ट धरला होता. उतरताना तर तिने बसूनच उतरणं पसंत केलं.

आता तंबू. महोत्सवाच्या आवाराजवळ तंबू भाड्याने देणारे असतात. दोन माणसांचा म्हणून मिळणारा तंबू सामानासकट एका माणसालाच पुरतो, त्यामुळे आई-बाबांसाठी चार माणसांचा घ्या. जागा निवडताना:

- शौचालयापासून तीस-चाळीस पावलांवर. अगदी लगत नको, वास आणि रात्रभर ये-जा. पण लांबही नको, कारण रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला ओल्या गवतातली शंभर पावलं फार होतात.
- किंचित उंचवट्यावर. खोलगट जागा संध्याकाळी मऊ आणि छान वाटते, पहाटे तिथे पाणी साचलेलं असतं.
- मोठ्या रंगमंचाकडे पाठ करून, शक्य तेवढं लांब.
- आपले दोन तंबू शेजारी, पण दारं एकमेकांसमोर. रात्री हाक मारली तर ऐकू जावी.

तंबूच्या दोरीला चकाकणारी पट्टी किंवा पांढरा रुमाल बांधा. अंधारात त्या दोरीला अडखळून पडणं हा सगळ्यात सहज होणारा अपघात आहे. तंबूखाली जाड प्लास्टिक अंथरा आणि त्याच्या कडा तंबूच्या खालीच दुमडा. बाहेर राहिल्या तर पावसाचं पाणी त्यावर साठून खालीच जातं. आत फोमची चटई, तिच्यावर घरून नेलेली जुनी गोधडी, आणि वर स्लीपिंग बॅग. आमच्या आजीच्या गोधडीने जी ऊब दिली ती भाड्याच्या स्लीपिंग बॅगेने दिली नाही. विमानात एका किलोचं ओझं वाढतं, पण मी ती पुन्हा नेईन.

आणि एक वस्तू विसरू नका: घडीचं बुटकं स्टूल. तंबूच्या दारात ते ठेवलं की आई-बाबा त्यावर बसून बूट घालतात, त्याच्या आधाराने उठतात, आणि दिवसा तेच मैदानावर नेता येतं. दोन न्या.

पिशव्यांमध्ये काय

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. तीन पातळ थर, वरून चांगला रेनकोट. छत्री नको, गर्दीत ती दुसऱ्याच्या डोळ्याशी येते. रात्री गारवा असतो आणि ओल अंगात शिरते, म्हणून लोकरी मोजे, कानटोपी आणि आईसाठी शाल. जीन्स वाळत नाही. साडी नेसायची सवय असेल तरी या चार दिवसांपुरते सलवार-कुर्ते.

पायात गमबूट. स्थानिक लोक तेच घालतात आणि हापोलीच्या बाजारात ते मिळतात. पण आई-बाबांच्या मापाचे घरूनच घ्या आणि आठवडाभर सकाळच्या फेरीला घालायला लावा. नवे गमबूट पोटरीला घासतात. तालमीत घासलं तर मलम लावता येतं, झिरोला घासलं तर दिवस जातो.

औषधांचे दोन पूर्ण संच करा, दोन वेगळ्या पिशव्यांत. चार दिवसांची गरज असेल तर आठ दिवसांची औषधं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव दुसऱ्या राज्यात उपयोगी पडेलच असं नाही. इन्सुलिन असेल तर थंड ठेवायची पिशवी. प्रत्येकाच्या गळ्यात डोक्याला बांधायचा टॉर्च आणि शिट्टी. पॉवर बँक दोन. रोख रक्कम पुरेशी ठेवा, कारण सगळीकडे नेटवर्क साथ देईल असं धरून चालू नका.

खाणं

तिथलं जेवण तांदूळ, धुरावलेलं मांस, बांबूचे कोंब, पालेभाज्या असं आहे. मसाला कमी आणि तेल जवळजवळ नाही. मांसाहारी असाल तर पिके पिला नक्की चाखा. वनस्पतींच्या राखेपासून काढलेल्या क्षारात शिजवलेलं डुकराचं मांस, त्याची चव आपल्याकडच्या कशासारखीच नाही. आपातानी लोक राखेपासूनच ताप्यो नावाचं मीठही करतात.

शाकाहारी आई-बाबांचीही उपासमार होत नाही. वरण-भात, भाजी, पोळीसारखं काही हापोलीत मिळतं, आणि मैदानावर नूडल्स, मोमो असतात. पण धुरावलेल्या मांसाचा वास सगळीकडे असतो, आणि ज्यांना तो सहन होत नाही त्यांना ते आधी माहीत हवं. होमस्टेच्या मालकिणीला आदल्या रात्री सांगितलं तर ती वेगळ्या भांड्यात भाजी करून देते. आईने तिच्या चुलीशेजारी बसून मेतकूट-भात कालवला आणि तिला घासभर दिला. मालकीण पुढे तीन दिवस तेच मागत होती.

घरून न्यायचं ते असं: दुधातल्या दशम्या (पहिल्या दोन दिवसांपुरत्या), मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, भडंग, डिंकाचे नाही तर नाचणीचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या, आणि गूळ-शेंगदाणे. मधुमेह असलेल्यांच्या खिशात चार गोळ्या ग्लुकोजच्या. मैदानाच्या आत बाहेरचं खाणं चालतं का हे तिकिटावरच्या नियमांत बघून घ्या. चहा मिळतो, पण बाबांना सकाळी पाचला लागतो तो चहा कुठेच मिळत नाही. थर्मासमध्ये आदल्या रात्री गरम पाणी भरून ठेवा.

हो, सकाळी पाचलाच. अरुणाचल इतकं पूर्वेला आहे की सप्टेंबरअखेर सूर्य पाचच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर लगेच मावळतो. आपल्या घड्याळात तो धक्का मोठा असतो. साडेपाचला मिट्ट काळोख पाहून आई घाबरली होती, तिला वाटलं घड्याळ बंद पडलं. पण हेच उजेडाचं गणित आई-बाबांच्या बाजूने काम करतं. ते पहाटे उठणारे. आपण रात्रीचे. दिवस आपोआप वाटला जातो.

एक दिवस कसा घालवायचा

पहाटे आई-बाबा उठतात, थर्मासचा चहा घेतात आणि होमस्टे असो की तंबू, भातखाचरांच्या कडेने चालून येतात. तुम्ही दोघी झोपा. त्यांना जाऊ द्या, मागे लागू नका. अरुणाचलमध्ये हिंदी सर्रास बोलली जाते. आई-बाबांना कुणाशीही बोलता येतं आणि ते बोलतातच.

सकाळी आठ ते अकरा चौघांनी मिळून गावात किंवा आसपास. कार्दोच्या जंगलातलं सिद्धेश्वरनाथाचं शिवलिंग सुमारे पंचवीस फूट उंच आहे, २००४ साली झाड तोडताना ते सापडलं. श्रद्धा असो नसो, ती जागा शांत आहे आणि आई-बाबांना तिथे बसायला आवडतं. बाबांना शेतीत रस असेल तर हाँग गावात तागे रीता यांनी २०१७ साली सुरू केलेल्या किवी वाइनच्या उद्योगाबद्दल जरूर विचारा, विकायला जागा नाही म्हणून फळं वाया जाणाऱ्या खोऱ्यात तो उभा राहिला. टॅली खोऱ्याच्या अभयारण्यात जायचं असेल तर ते फक्त दोघींनी. तिथे जळवा असतात आणि चालणं फार आहे.

बारा ते दोन जेवण आणि आडवं पडणं. हे टाळू नका.

दुपारी दान्यी. इथे आई-बाबांना चौघांच्या मध्ये बसवा, रंगमंचाच्या समोर नाही तर बाजूला, चढावर. तिथून दिसतं, आवाज अंगावर येत नाही आणि उठून जाता येतं. दुपारच्या सत्रात लोकसंगीताचं प्रमाण बरंच असतं. मणिपूरचे गुरू रेबेन माशांगवा यांच्यासारखे गायक इथे गाऊन गेले आहेत. तांगखुल नागा लोकगीतांना त्यांनी ब्लूजची जोड दिली, पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. भाषा कळत नसली तरी बाबांनी ठेका धरला की समजायचं, जमलं.

अंधार पडला की पिलो. पहिला तासभर चौघं थांबा. मग एकजण आई-बाबांना सोडून येईल. कोण, हे आधी ठरलेलं हवं: एका रात्री मी, दुसऱ्या रात्रीही मी, आणि मैत्रिणीने स्वतःहून म्हटलं तरच ती. होमस्टेवर जायचं असेल तर चारही रात्रींसाठी गाडी आधीच ठरवून ठेवा. रात्री मैदानाबाहेर उभं राहून गाडी शोधायला लागलात तर तास-दीड तास सहज जातो आणि पाऊस असतो.

कानांबद्दल जरा सविस्तर, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असं मानलं, तर दर तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी जी मर्यादा सुचवली ती शंभर डेसिबलच्या सरासरीचीच आहे. म्हणजे मोठ्या स्पीकरच्या समोर उभं राहणं कुणाच्याच कानाला मानवत नाही, आपल्याही नाही. फोमचे इअरप्लग प्रत्येकी दोन जोड न्या. घालताना ते बोटांत दाबून बारीक करायचे, कान वरच्या बाजूला ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर काही उपयोग नाही. बाबांचं श्रवणयंत्र मैदानावर काढून डबीत ठेवा, पावसापासूनही ते वाचतं.

गर्दीत फोन लागत नाहीत, असं धरूनच चला. चारही दिवस एकच भेटायची जागा ठरवा आणि ठरावीक वेळा ठेवा: दुपारी दोन, साडेचार, सात. चुकलो तर शोधत फिरायचं नाही, पुढच्या वेळेला त्या जागेवर येऊन थांबायचं. आई-बाबांना होमस्टेच्या मालकांचा नंबर आणि गावाचं नाव कागदावर लिहून द्या, खिशात.

आपातानींच्या गावात

गावात लाकडी उंच ओटे दिसतात, त्यांना लपांग म्हणतात. आपल्या गावचा पार जसा, तशीच ही जागा, गावकीच्या बैठकीची. विचारल्याशिवाय त्यावर चढून फोटो काढू नका. घरांसमोर उभारलेले उंच बाबो खांब सणाचे आणि मानाचे असतात, त्यांना हात लावू नका.

वयस्क स्त्रियांच्या चेहऱ्यावर गोंदण आणि नाकात काळ्या चकत्या दिसतात. ही प्रथा आता बंद झाली आहे, म्हणजे ज्यांच्या चेहऱ्यावर ती आहे त्या आजीच्या वयाच्या आहेत. महोत्सवाच्या दिवसांत त्यांच्या तोंडासमोर शेकडो कॅमेरे येतात. आई तिच्या कपाळावरचं गोंदण दाखवत एका आजींशेजारी बसली होती. दोघी अर्धा तास एकमेकींना खुणांनी काहीतरी सांगत होत्या. फोटो मी काढला नाही, आणि ते योग्यच झालं.

भातखाचरांत पाणी असतं आणि पाण्यात मासे पाळलेले असतात. बांधावर नाचणी लावलेली असते. त्यामुळे बांध म्हणजे पायवाट असं समजून चालू नका, पिकावर पाय पडतो. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत हे खोरं २०१४ पासून आहे, आणि त्याचं मोठं कारण ही शेतीच.

तांदळाची बिअर पुढे आली आणि घ्यायची नसेल तर पेला दोन्ही हातांनी घेऊन ओठाला लावा आणि परत ठेवा, किंवा हसून, हात जोडून नाही म्हणा. नाक मुरडू नका. घरं लाकूड-बांबूची आणि एकमेकांना खेटून आहेत, म्हणून गल्लीत सिगारेट अजिबात नको. आणि कचरा: प्रत्येकाने एक कापडी पिशवी कमरेला बांधा, वेष्टणं त्यात, आणि ती पिशवी गुवाहाटीपर्यंत आपल्याबरोबर.

काही बिघडलं तर

हापोलीत ग्याती टाका सामान्य रुग्णालय आहे. पोचल्याच्या दिवशी त्याचा रस्ता बघून ठेवा आणि गाडीवाल्यालाही विचारा की रात्री किती वेळ लागेल. याहून मोठी सोय लागली तर नाहरलगुनचं तोमो रिबा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे पुन्हा तोच डोंगरातला रस्ता. म्हणून वाट बघत बसायचं नाही. छातीत दुखणं, एका बाजूचा हात-पाय जड होणं, धाप न थांबणं यात "सकाळी बघू" म्हणू नका.

जास्त वेळा होतं ते साधं असतं: पोट बिघडणं, पाय मुरगळणं, ओल्या मोज्यांमुळे बोटांच्या बेचक्यांत कातडी निघणं, सर्दी. ओआरएसची दहा पाकिटं, क्रेप बँडेज, टाल्कम पावडर आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड जो दिवसा कधीही घालायचा नाही, फक्त झोपताना. हा शेवटचा नियम आईला पटवायला सगळ्यात अवघड गेला. तिला स्वच्छ मोजे पिशवीत पडून राहिलेले बघवत नव्हते.

आणि रुसवे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी रुसतं. झोप कमी, पाऊस, चिखल. त्या दुपारी दान्यी सोडा. हापोलीत जाऊन गरम पाण्याने आंघोळ करा आणि पोटभर भात खा. एक सत्र गेलं तर काही बिघडत नाही.

परत येताना

झिरोहून निघाल्याच्या दिवशी विमान ठेवू नका. सकाळी निघून दुपारपर्यंत नाहरलगुन, रात्रीची गाडी, पहाटे गुवाहाटी. तो दिवस गुवाहाटीत मोकळा ठेवा. आई-बाबांना कामाख्येला जायचं असतंच. रांग मोठी असते, म्हणून बॅगा हॉटेलवर टाकून, नाश्ता करून, सकाळी लवकर जा. विमान दुसऱ्या दिवशीचं.

घरी पोचल्यावर गमबूट, चटई, गोधडी त्याच संध्याकाळी बाहेर काढा. ओलं सामान दोन दिवस बॅगेत राहिलं तर बुरशी धरतं आणि गोधडीचा वास पुढच्या वर्षापर्यंत जात नाही. गोधडी उन्हात दोन्ही बाजूंनी दोन-दोन दिवस वाळवा, मगच कपाटात ठेवा.